भिंतीवरची दुखण्यांची यादी

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचं पान कधी रिकामं राहत नाही. मी फार लोकप्रिय आहे अशातला भाग नाही. मठ्ठा वाढून होईपर्यंत कुणीतरी सरकत सरकत येतं, आवाज खाली आणतं आणि विचारतं, "काकू, एक विचारायचं होतं. तुमच्या त्या... तिथं... जागा असते का हो?" वृद्धाश्रम हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. काढला तर वाढपी ऐकेल आणि जिलबी देणार नाही, अशी भीती असावी.

देवासच्या अशा एका निवासात मी चौदा वर्षं व्यवस्थापिका होते. यजमानांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली, त्यांच्यामागून मी दोन मुलं आणि एक ट्रंक घेऊन आले. मुलं शाळेत जायला लागल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही, आणि न बोलता राहणं मला जमत नाही, म्हणून नोकरी धरली. सासरी मला 'आकाशवाणी' म्हणतात. कुठलंही बारसं असो, मुंज असो, जेवणं झाली की हुकूम सुटतो, "हं, आता निवासातलं सांगा." मग मी सांगते आणि लोक पोट धरून हसतात.

आपल्या अंकाच्या संपादकांनीही तेच सांगितलं, काकू, काहीतरी हलकंफुलकं द्या. मी तीन वेळा हलकंफुलकं लिहायला बसले आणि तिन्ही वेळा चौथ्या ओळीपाशी माई येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा हे जे आहे ते असं आहे.

आधी जागा कशी असते ते सांगते. टेकडीच्या पायथ्याशी एक जुना बंगला, चौदा खाटा, एक स्वयंपाकीण, दिवसाची एक बाई, रात्रीची एक बाई, आणि मी. बाहेरच्या पाटीवर चांगलं संस्कृत नाव होतं. टांगेवाले मात्र 'बुड्ढाघर' म्हणत, आणि पत्ता त्यानंच लवकर सापडे.

जागा बघायला येणारी माणसं काय बघतात? तुळस बघतात. देवघर बघतात. गुरुवारी गोड असतं का विचारतात. एकदा धारचे दोन भाऊ टेप घेऊन आले. खोली मापली, खिडकी मापली, खाट कुठल्या बाजूला लावायची यावरून अर्धा तास वाद घातला. मी विचारलं, "पण वडील कुठायत?" तेव्हा दोघांना आठवलं. वडील दारात टांग्यात बसले होते, वैशाखाच्या उन्हात, कोटाची सगळी बटणं लावून. हा किस्सा मी बारशाला सांगते तेव्हा फार हशा येतो. टांग्यातून उतरताना त्या म्हाताऱ्यांनी मला "आपल्याला उगीच त्रास" असं म्हटलं होतं, ते मी सांगत नाही.

मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सकाळी अकराला येऊ नका. अकराला सगळ्याच जागा चांगल्या दिसतात, न्हाऊमाखू घालून माणसं ओसरीवर बसवलेली असतात. दुपारी चारला या, न सांगता. म्हाताऱ्यांच्या बोटांची नखं बघा. नखं वाढलेली असली तर तिथं माणसाला हात लावायला कुणाला वेळ नाही असं समजा. खाटेपासून संडासापर्यंत पावलं मोजा, आणि ती आपल्या ढांगांनी नाही, त्यांच्या पावलांनी मोजा. चहाचा पेला काठोकाठ भरून देत असतील तर थरथरत्या हातांशी त्यांची ओळख नाही. आणि व्यवस्थापिका फार गोड बोलत असेल तर ती रजेवर असताना काय होतं ते विचारा. हे शेवटचं मला कुणीच विचारलं नाही. मी फार गोड बोलत असे.

आता भाषेचं. आपण माळव्यातले लोक एका वाक्यात मराठी सुरू करतो आणि हिंदीत संपवतो, मध्ये कुणी भेटलं तर "क्या भिया" पण करून घेतो. निवासात म्हातारी माणसं बहुतेक आपलीच. धारच्या जुन्या दरबारी घरांतली तर अशी मराठी बोलत, की साताऱ्याकडची असून मलाच कधीकधी अर्थ विचारावा लागे. कामाच्या बाया मालवी. दिवसाची कंचनबाई टोंकखुर्दची, विधवा, अंगानं दणकट, मनानं लोण्याची. माझ्या चौदा वर्षांत तिच्याइतकी चांगली बाई मला मिळाली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी तिला बोल लावेल. गेल्या वर्षी ती मुलीकडे वारली, म्हणून तर हे लिहायला बसले.

ती नवीन असताना आमच्याकडे एक नाझर आजोबा होते. चहा गार मिळाला म्हणून ते एके दिवशी भिंतीकडे तोंड करून बसले. मी कंचनबाईला माझ्या अस्सल हिंदीत बजावलं, "दादाजी को राग आया है, अभी उनके पास मत जाना."

ती म्हणाली, "तो गाने दो नी बईसाब, अपणो कई बिगड़े?"

हा माझा सगळ्यात गाजलेला किस्सा.

माई आल्या त्या मोरीत पडल्यामुळे. धारच्या एका जुन्या अंमलदाराच्या सून, नऊवारी, कपाळ मोकळं, पाठ ताठ. धारचं घर उठल्यावर मुलाकडे देवासात आल्या. मुलगा श्रीकांत कारखान्यात, सून नीलिमा शाळेत शिक्षिका, दोन खोल्यांचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. एके दिवशी सकाळी दोघं कामाला गेल्यावर माई मोरीत घसरल्या आणि नीलिमा घरी येईपर्यंत, म्हणजे पाच वाजेपर्यंत, तिथंच पडून राहिल्या. खालच्या-वरच्या बिऱ्हाडांना हाका ऐकू गेल्या नाहीत, कारण खाली पिठाची चक्की होती.

श्रीकांत जागा बघायला आला तो टेप घेऊन आला नाही. तुळस बघितली नाही. ओसरीवर उभा राहून त्यानं एकच विचारलं. तो शिकला हिंदी शाळेत, मराठी त्याची घरगुती, चाचपडत चालणारी. म्हणाला, "काकू, ती दिवसभर हाका मारत होती. इथं मारली तर ऐकू जाईल ना?"

मी हसले. "अरे बाबा, इथं नुसतं खोकलं तरी कंचनबाई धावते. हाक मारली आणि माणूस आलं नाही असं झालं तर मला येऊन विचार."

"तिला हिंदी फारसं नाही येत."

"आम्हाला सगळं येतं," मी म्हटलं, आणि पुरावा म्हणून त्याला रागाचा किस्सा सांगितला. तो हसला. आठ दिवस माईंना राहून बघायला सांगितलं. आठ दिवसांनी माई म्हणाल्या, "चक्की नाही, एवढं सुख आहे." त्या राहिल्या.

दर शनिवारी पहिली पाळी संपवून श्रीकांत चार वाजता यायचा. माई साडेतीनपासून पदर सारखा करून बसायच्या आणि तो आला की म्हणायच्या, "आलास? मला वाटलं विसरलास." दीड वर्ष हे चाललं. कंचनबाईशी त्यांचं छान जमलं. त्या मराठीत बोलायच्या, ती मालवीत बोलायची, आणि दोघी एकमेकींना हो म्हणायच्या. मला त्याचंही फार कौतुक होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असे, बघा, भाषा आडवी येते का!

एका शुक्रवारी श्रीकांतची चिठ्ठी आली. शनिवारी ओव्हरटाइम लागला होता. त्यानं मोठ्या कष्टानं मराठीत लिहिलं होतं, 'उद्या येता येणार नाही. रविवारी येण्याची चेष्टा करीन.' हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. माईंना मी वाचून दाखवली तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "करतोच आहे मेला," म्हणाल्या, "दर शनिवारी येऊन चेष्टाच तर करतो माझी."

शनिवारी मी रजेवर होते. धारला पुतणीच्या मुलाचं बारसं होतं. जेवणं झाली, पोर झोपलं, आणि चारच्या सुमाराला हुकूम सुटला. मी नेहमीचं सगळं सांगितलं. टांग्यातले वडील. नाझर आजोबांचा राग. त्यात आदल्या दिवशीची ताजी भर, येण्याची चेष्टा. बायका भिंतीला टेकून हसत होत्या. मला आठवतं, कारण नंतर मी वेळ जुळवून बघितली.

रविवारी दुपारी घुगऱ्यांची पुरचुंडी घेऊन मी निवासात शिरले तेव्हा माईंची खाट धुवून उन्हात उभी केलेली होती. शनिवारी दिवेलागणीला त्या गेल्या होत्या. मान कलंडली तेव्हा कंचनबाई अनवाणी डॉक्टरांकडे पळाली होती. डॉक्टरांनी हृदय म्हटलं, आणि माझा चेहरा बघून, आधी बोलावलं असतं तरी सांगता आलं नसतं, असंही म्हटलं. हे वाक्य मी पुढे बरीच वर्षं औषधासारखं घेत आले.

दिवसवार झाल्यावर श्रीकांत माईंची ट्रंक न्यायला आला. ओसरीवर बसला. कंचनबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि रडत रडत सांगायला लागली. मी दारात उभी होते.

"भिया, तमारी ही बाट जोई री थीं माँजी. चा भी नी पी. छाती पे हाथ धर के एक ही बात, कळ, कळ. म्हने कियो, हाँ माँजी, कळ आएगा भिया, कळ. फिर बोलीं, कळ आली गं, कळ आली. म्हने हाथ पकड़ लियो. कियो, आएगा, जरूर आएगा. आखिर तक हाथ पकड़ के बैठी री मैं."

श्रीकांतनं तोंडावर रुमाल धरला. मला म्हणाला, "माझीच वाट बघत होती, काकू. मी शनिवारी आलो असतो तर..."

मालवीत ळ भरपूर. मराठी माणसं हिंदीतल्या कुठल्याही शब्दाला ळ चिकटवतात अशी कंचनबाईची समजूत होती, आणि ती काही खोटी नव्हती. तेव्हा माईंची कळ तिला हिंदीतलं 'कल', म्हणजे उद्या, वाटली. दुसऱ्या दिवशी मुलगा येणार होता हेही तिला ठाऊक होतं. श्रीकांतनं ते हिंदीत ऐकलं. तिघांत मराठी कानानं ऐकणारी मी एकटी होते. माई मुलाची वाट बघत नव्हत्या. त्या छातीत येणाऱ्या कळा सांगत होत्या, दीड-दोन तास, समोर बसलेल्या माणसाला.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "स्वतःला दोष देऊ नकोस रे."

बस. तेवढंच. जीभ माझी एरवी कुणाच्या बापाला ऐकत नाही, त्या दिवशी मात्र फार शहाणी झाली. मनाशी म्हटलं, आता सांगून काय होणार, उलट पोराला वाटेल आई तळमळत गेली. वाट बघत गेली हे जरा तरी बरं. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. खरं असं, की हाक मारली तर ऐकू जाईल असा शब्द मी दिला होता, आणि आता तो प्रश्न मला कुणी विचारू नये असं मला वाटत होतं.

श्रीकांत ट्रंक घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला. हातात नेलकटर. म्हणाला, "काकू, काही सेवा करू द्या." तेव्हापासून दर रविवारी तो यायचा, म्हाताऱ्यांची नखं कापायचा, पेपर वाचून दाखवायचा. कमिटीवाले त्याचं उदाहरण देत. मी पण जागा बघायला येणाऱ्यांना सांगत असे, आमच्याकडे मुलं आई गेल्यावरसुद्धा येतात!

मी नुसती बसून नव्हते म्हणा. मी यादी केली. घरच्या माणसांना विचारून विचारून दुखण्याचे सगळे मराठी शब्द काढले, त्यांच्यापुढे हिंदी लिहिलं, आणि मोठ्या पुठ्ठ्यावर ती यादी बायांच्या खोलीत लावली. ठणका, चमक, पेटका, गोळा, घेरी, भोवळ, उमासे, ढास, मळमळ, जळजळ. 'कसंतरीच होतंय' याला हिंदी काय लिहावं यात माझे दोन दिवस गेले. शेवटी लिहिलं, 'डॉक्टर को बुलाओ'. बायांना अक्षरओळख नव्हती, म्हणून दर सोमवारी मी यादी मोठ्यानं वाचायची आणि त्यांनी पाठ म्हणायची. दाखल करायला येणाऱ्या प्रत्येक घराला मी विचारू लागले, तुमच्या आई दुखलं की कुठला शब्द काढतात? लोकांना हे फार आवडे. अशी काळजी दुसरीकडे कुठं घेत नाहीत, म्हणत.

यादीत सदतीस शब्द होते. कळ नव्हता.

तो लिहिला असता तर सोमवारी कंचनबाईसमोर वाचावा लागला असता. तिच्यासाठी गाळला, असं मी स्वतःला सांगत असे.

तीन वर्षं गेली. एकदा नीलिमा शाळा सुटल्यावर एकटीच आली. बसली, पदराशी चाळा केला, म्हणाली, "काकू, ते शनिवारी जेवत नाहीत."

"मारुतीचा असेल."

"मलाही आधी तसंच वाटलं. तसं नाहीये. चार वाजले की घरातून उठून जातात. मुलीचा वाढदिवस शनिवारी आला तर केक कापून गच्चीवर जाऊन बसले. म्हणतात, ती वाट बघत गेली. तुम्ही जवळच्या. तुम्ही काहीतरी बोला ना त्यांच्याशी."

मी म्हटलं, बोलते. बोलले नाही.

पुढच्या रविवारी श्रीकांत हात धुवायला बायांच्या खोलीत गेला. मी तिथं चादरी मोजत होते. तो नॅपकिननं हात पुसत यादी वाचू लागला. मराठी वाचायला त्याला वेळ लागे, एकेक शब्द ओठांनी जुळवत होता. वाचता वाचता हसला.

"भारी केली आहे काकू. पण एक राहिला."

"कुठला रे?" मी चादरीतून मान वर केली नाही.

"माई म्हणायची ना, गुडघ्यात कळ आली. कळ." खिशातला पेन काढून तो पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहू लागला. क लिहिला. ळ लिहिला. हिंदी लिहायला पेन पुढे नेला आणि तिथंच थांबला.

मग तोंड न वळवता त्यानं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तू ट्रंक न्यायला आलास तेव्हा."

"तीन वर्षं तुम्ही मला नखं कापू दिलीत."

मी हो म्हटलं.

"कंचनबाईला माहीत आहे?"

"नाही. तिला सांगू नकोस रे, ती मरून जाईल."

"आणि त्या चौदा जणांतलं कुणी उद्या कळ म्हणालं तर?" आता तो माझ्याकडे वळला. माईंसारखी पाठ ताठ. "वाचावं लागेल काकू. पण मी असताना वाचा. एकटीनं ऐकायला नको तिला."

सोमवारी त्यानं कारखान्यातून रजा घेतली. मी यादी वाचली, बायांनी पाठ म्हटली. सदतिसावा झाला. कंचनबाई उठायला लागली तेव्हा श्रीकांत तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसला. मी वाचलं, "कळ. यानी अचानक ज़ोर का दर्द."

"फिर से बोलो, बईसाब."

मी पुन्हा वाचलं.

कंचनबाईनं माझ्याकडे बघितलं नाही. श्रीकांतकडे बघितलं. फार हळू म्हणाली, "भिया, म्हने सुणियो थो. एक-एक बार सुणियो थो." मी ऐकलं होतं, प्रत्येक वेळी ऐकलं होतं. मग तिनं आपला उजवा हात, जो त्या दिवशी माईंच्या हातात होता, मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. श्रीकांतनं तो हात धरला. ती रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, म्हणूनच बहुधा रडली नाही.

नीलिमा पुढे भाजीबाजारात भेटली तेव्हा म्हणाली, शनिवारी जेवतात आता, कमी जेवतात, पण जेवतात. श्रीकांत निवासात अधूनमधून येत राहिला. कंचनबाईजवळ बसायचा, तिच्या मुलीची चौकशी करायचा. मला लांबून नमस्कार करायचा. मला काकू म्हणणं त्यानं सोडलं. 'मॅडम' म्हणायचा.

कंचनबाईनं काम सोडलं नाही. बदललं ते एवढंच, की न समजणारा एकही शब्द तिनं त्यानंतर जाऊ दिला नाही. कुणी काही नवं बोललं की चूल सोडून, चहा सोडून डॉक्टरांकडे पळायची. डॉक्टर आधी हसले, मग वैतागले. एकदा भर पावसात छत्री झटकत आत आले आणि माझ्यावरच ओरडले, "मैडम, आज किसलिए बुलवाया, मालूम है? नाझर साहब ने इसको कुछ कहा, तो ये दौड़ी-दौड़ी आ गई. क्या कहा था, पूछिए ज़रा."

मी नाझर आजोबांना विचारलं. ते खूप म्हातारे झाले होते, पण आवाज शाबूत होता. म्हणाले, "शिवी दिली तिला. चहा पुन्हा गार होता."

कंचनबाई दारात ओली उभी होती, धाप लागलेली. मी डॉक्टरांना म्हटलं, "छाती देख लीजिए एक बार उनकी. आए हैं तो."

त्यांनी बघितली.